दम्याची मुलं आणि सावकाश श्वास : एका शाळेतल्या प्रकल्पाच्या नोंदी

१८ जून २०२५

शाळा परवाच उघडली. मुख्याध्यापकांनी आठवड्यातून दोनदा शेवटच्या तासाला एक वर्ग वापरायला दिला. कृष्णाकाठचं हे माध्यमिक विद्यालय, चारी बाजूंनी ऊस. आठवी ते दहावीतली, दम्याचं निदान झालेली मुलं घ्यायची, त्यांना श्वासाचे व्यायाम शिकवायचे आणि त्यांच्या रोजच्या जगण्यात काही फरक पडतो का ते बघायचं, एवढाच हा प्रकल्प. मी फिजिओथेरपिस्ट आहे. औषध ठरवणं किंवा बदलणं हे ज्याच्या त्याच्या डॉक्टरांचं काम, त्यात मी हात घालणार नाही.

पुढे उत्साहाच्या भरात विसरायला नको म्हणून पहिल्याच पानावर लिहून ठेवते. दम्यात श्वासनलिकांना आतून सूज असते, भोवतीचे स्नायू आवळतात, चिकट कफ साचतो. व्यायामाने ही सूज उतरत नाही. ती उतरवतो रोज घ्यायचा स्टेरॉइडचा पंप. मग व्यायाम कशासाठी? तर दम्याच्या बऱ्याच मुलांना तोंडाने, छातीच्या वरच्या भागातून, भराभर श्वास घ्यायची सवय जडलेली असते. छाती जरा जड वाटली की मूल घाबरतं, घाबरलं की श्वास आणखी वाढतो, आधीचा श्वास पुरता बाहेर पडायच्या आत पुढचा आत ओढला जातो. छाती फुगलेलीच राहते आणि मुलाला वाटतं, हवा मिळतच नाही. व्यायामाचं काम इथे आहे.

पुरावाही पदरात किती आहे ते माहीत असलेलं बरं. २०१८ साली इंग्लंडमधल्या एका मोठ्या चाचणीत ६५५ दमेकऱ्यांची विभागणी झाली. काहींना फिजिओथेरपिस्टने समोर बसून व्यायाम शिकवले, काहींना डीव्हीडी आणि पुस्तिका दिली, बाकीच्यांचे नेहमीचेच उपचार चालू ठेवले. व्यायाम शिकलेल्या दोन्ही गटांचं रोजचं जगणं सुधारलं, फुप्फुसांच्या मोजमापात मात्र फरक पडला नाही. कॉक्रेन ही उपचारांचे अभ्यास गोळा करून तपासणारी संस्था. तिच्या २०२० च्या आढाव्यात प्रौढांवरचे २२ अभ्यास सापडतात. मुलांवरच्या २०१६ च्या आढाव्यात मात्र तीनच अभ्यास आणि सगळी मिळून ११२ मुलं. एवढ्यावर ठाम काही सांगता येत नाही, असंच त्यात म्हटलंय. म्हणजे चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांसाठी आपण जे करणार आहोत ते बरंचसं मोठ्यांच्या अनुभवावरून उचललेलं आहे. पालकांना हे असंच्या असं सांगणार.

२८ जून

पालकसभा. नावं द्यायला आईवडील बिचकतात. शाळेच्या फॉर्मवर बहुतेकांनी 'कफाचा त्रास' किंवा 'ॲलर्जी' असं लिहिलेलं. मुलींच्या आयांची भीती वेगळीच. एकीने सभा संपल्यावर मला बाजूला घेऊन विचारलं, "मॅडम, वर्गात सगळ्यांसमोर पंप काढायला लावणार का? उद्या स्थळं बघताना हेच पुढं येतं." त्या बाईला मी काय शहाणपण शिकवणार? तिच्या मुलीसाठी स्टाफरूममागच्या खोलीची किल्ली मागून घेतली.

एक वडील नुकतेच मुलाला हैदराबादहून घेऊन आलेत. मृग लागताना तिथे जिवंत मासा औषधासह गिळायला देतात, दरवर्षी आपल्याकडूनही गाड्या भरून लोक जातात. येताना पथ्यपाण्याचा कागद आणलाय आणि त्यात बसत नाही म्हणून पंप बंद केलाय. मी माशाबद्दल अक्षर बोलले नाही. "दादा, पथ्य पाळा, पण पंप सुरू ठेवा. पावसाळा तोंडावर आहे, घरात ओल येणार, बुरशी येणार. पंप असा मधेच सोडला तर आतली सूज परत चढते," एवढंच सांगितलं. त्यांनी मान डोलावली. पंप सुरू झाला की नाही ते पुढच्या आठवड्यात मुलालाच विचारायचं.

आणि एक आजी : "आगं बाई, पंप एकदा लागला की सुटत न्हाई म्हंत्यात." हे प्रत्येक घरात ऐकायला मिळणार. आजींना चष्मा आहे. त्यांना म्हटलं, चष्मा लागला म्हणून कुणी नजरेविना राहतं का? नंतर औषधाची मात्राही समजावली. पंपातलं औषध थेट फुप्फुसात जातं म्हणून ते मायक्रोग्रॅममध्ये पुरतं, गोळीतलं मिलिग्रॅममध्ये लागतं.

३ जुलै

व्यायामाला अजून हात लावलेला नाही, आणि ते बरंच झालं. आज सगळ्यांना आपापला पंप आणून माझ्यासमोर घ्यायला लावला. बघते तर बहुतेकांचं औषध छातीत पोचतच नाही. नववीतला एक मुलगा दाबाचा पंप दोन इंच लांब धरून तोंडात फवारा मारतो आणि लगेच गिळतो. दुसरी आधी दाबते, मग श्वास घेते. दहावीतल्या एकाकडे कॅप्सूल घालून ओढायचं रोटाहेलर आहे. त्याने ओढून झाल्यावर कॅप्सूल काढून तळहातावर झटकायला लावली, तर निम्मी पूड तशीच.

व्यायाम शिकवणाऱ्याने सावध राहायला हवं ते इथेच. दाबाच्या पंपाला श्वास सावकाश लागतो. आधी पूर्ण सोडायचा, मग दाबतानाच हळूहळू चार-पाच सेकंद ओढायचा आणि दहापर्यंत मोजत धरून ठेवायचा. स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, असेल तर काम आणखी सोपं. पुडीच्या यंत्राचं नेमकं उलटं. तिथे पहिल्याच क्षणापासून जोरात आणि खोल ओढावं लागतं, तरच पूड सुटी होऊन आत जाते. मी आठवडाभर 'सावकाश, सावकाश' शिकवत राहिले आणि हा मुलगा रोटाहेलरही सावकाश ओढायला लागला, तर माझ्या व्यायामाने त्याचं औषध कमी होईल. म्हणून प्रत्येकाच्या कार्डावर आधी यंत्राचा श्वास लिहिला, व्यायामाचा श्वास त्याखाली वेगळ्या शाईने. स्टेरॉइडच्या पंपानंतर चूळ भरून थुंकायचं, हे सगळ्यांच्या कार्डावर.

ज्यांच्याकडे फक्त निळा, तात्पुरता आराम देणारा पंप आहे त्यांच्या आईवडिलांना डॉक्टरांकडे परत जायला सांगितलंय. २०१९ पासून जागतिक मार्गदर्शक सूचना स्पष्ट सांगतात, की बारा वर्षांवरच्या दम्याच्या रुग्णाला नुसत्या आरामाच्या पंपावर ठेवू नये, सूज कमी करणारं औषधही हवंच.

११ जुलै

आज व्यायाम सुरू. सतरंज्या अंथरायला शिपाईमामांनी झटकल्या आणि दोघांना तिथल्या तिथे शिंका सुरू झाल्या. सतरंज्या बाद. ओल्या फडक्याने पुसलेले बाक घेतले, त्यावरच बसून करायचं ठरवलं. मुलांसमोर आडवं पडायला मुली तशाही तयार नव्हत्या.

पाठ टेकलेली, खांदे सैल, एक तळवा छातीवर, दुसरा बेंबीच्या वर. तोंड बंद. नाकाने श्वास घ्यायचा तो असा, की वरचा हात हलू नये आणि खालचा पुढे सरकावा. ऐकायला सोपं वाटतं, पण पंधरा वर्षांचा मुलगा 'खोल श्वास घे' म्हटलं की खांदे कानाला लावतो आणि पोट आत ओढतो. म्हणून 'खोल' हा शब्दच मी वापरत नाही. 'थोडाच घे, खाली घे' असं म्हणते. दोन मोजत आत, चार मोजत बाहेर. सोडताना ओठ गरम चहावर फुंकर घालतो तसे. जोर मात्र लावायचा नाही. जोर लावून सोडला तर नळ्या उलट मिटतात आणि छातीतली शिट्टी वाढते.

कबड्डी खेळणाऱ्या मुलाला (यापुढे त्याला कबड्डीवाला म्हणेन) पोटाचा हात हलवणं काही केल्या जमेना. त्याला गुडघ्यांवर कोपरं टेकवून पुढे वाकून बसवलं. असं बसलं की खांद्यांना वर उचलायला वावच राहत नाही, पोट आपोआप मांड्यांना लागतं. तिसऱ्या-चौथ्या श्वासाला त्याने चमकून मान वर केली. "मॅडम, कंबरेत पण हललं!" बरगड्यांच्या खालच्या कडा मागेही उघडतात, ते त्याला जाणवलं होतं. इतरांना मी चित्र काढून दाखवत होते, त्याला चित्राची गरज उरली नाही.

घरी रोज दोन वेळा, पाच-पाच मिनिटं. धाप लागलेली नसताना. त्रास नसतानाच शिकायचं, म्हणजे त्रासाच्या वेळी अंगात असतं.

२४ जुलै

क्रीडाशिक्षकांशी सविस्तर बोलणं झालं. सर मनापासून योग करणारे आहेत, त्यांचा आग्रह कपालभातीचा. त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम काढलं ते प्राणायाम प्रयोगशाळेत तपासायचा म्हणूनच. १९८५ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये बंगळूरकडच्या संशोधकांचा योग आणि दम्यावरचा, तुलनेसाठी वेगळा गट ठेवून केलेला अभ्यास छापून आला. योग केलेल्या गटाचे झटके आणि औषधं कमी झाल्याचं त्यात नोंदलंय. कॉक्रेनच्या २०१६ च्या आढाव्यातही योगाने जगण्याच्या दर्जात आणि लक्षणांत थोडी सुधारणा होत असावी, असाच सूर आहे.

पण भराभर झटके देऊन श्वास फेकणं ही या मुलांची आधीचीच खोड आहे. वेगाने हवा आतबाहेर झाली की नळ्या कोरड्या पडतात, थंड पडतात आणि संवेदनशील नळ्या त्यानेच आवळतात. सरांना एवढं पटलं. मग ठरलं ते असं : भ्रामरी चालेल, कारण गुणगुणताना श्वास आपोआप लांबतो. कुंभक न करता, म्हणजे श्वास रोखून न धरता, अनुलोम-विलोम चालेल, नाक चोंदलेलं असेल त्या दिवशी तेही नाही. कपालभाती आणि भस्त्रिका या गटासाठी बंद. सर स्वतः भ्रामरी शिकवायला येणार आहेत. त्यांचा आवाज माझ्यापेक्षा कितीतरी चांगला लागतो.

ब्युटेको पद्धतीतला एक भागही गाळला. सोव्हिएत काळातल्या कॉन्स्टान्टिन ब्युटेको या डॉक्टरांची ही पद्धत. नाकाने, कमी आणि सावकाश श्वास, हे तिचं मर्म आम्ही घेतलंच आहे. पण त्यात श्वास सोडून किती सेकंद थांबता येतं ते मोजतात. घड्याळ दिसताच मुलांनी पैज लावली, कानाच्या पाळ्या लाल होईस्तोवर थांबायला लागले. या वयात मोजायला काहीही दिलं की त्याची शर्यत होते. घड्याळ पिशवीत टाकलं.

१२ ऑगस्ट

तालुका स्पर्धा जवळ आल्यात. कबड्डीवाल्याला घरचे खेळू देत नव्हते, त्याच्या डॉक्टरांनी मात्र खेळ म्हणून सांगितलंय. दम्याच्या मुलाने खेळ सोडू नये, माझंही मत ठाम आहे.

कबड्डीत श्वासाची अडचण आगळीच. चढाई तीस सेकंदांची, आणि 'कबड्डी कबड्डी' चा दम मधे तुटता कामा नये. म्हणजे अंग पळतंय आणि श्वास एकच. परत आला की तोंड उघडून ढसाढसा हवा ओढतो आणि मग थोड्या वेळाने खोकला सुरू. धावल्यावर नळ्या आवळतात त्या बहुधा थांबल्यानंतर पाच-दहा मिनिटांत. त्याला वाटायचं, सामना तर संपला, आता का?

त्याच्यासाठी केलेली आखणी : डॉक्टरांनी लिहून दिल्याप्रमाणे खेळाच्या पंधरा मिनिटं आधी पंप. मग दहा-पंधरा मिनिटं अंग तापवणं, मधे मधे थोडं जोरात पळणं आणि परत चालणं. चढाईहून आल्यावर उभ्यानेच गुडघ्यांवर हात, पहिले दोन श्वास हवे तसे, तिसऱ्यापासून ओठ चंबू करून सोडायचे आणि जमेल तसं तोंड मिटून नाकावर यायचं. नाकातून हवा कोमट आणि दमट होऊन जाते. गार, कोरड्या हवेत एवढ्यानेही फरक पडतो.

फुंकायच्या मीटरवर श्वास किती वेगाने बाहेर पडतो ते कळतं. त्यावरचा त्याचा चांगल्या दिवसाचा आकडा ३८०. उभं राहून तीनदा फुंकायचं, सगळ्यात मोठा तो लिहायचा. ३८० चे ऐंशी टक्के म्हणजे साधारण ३०० च्या वर असला तर खेळायचं. ३०० आणि १९० च्या मधे असला तर मैदानावर जायचं नाही, डॉक्टरांनी दिलेल्या योजनेप्रमाणे औषध. निम्म्याच्या, म्हणजे १९० च्या खाली गेला तर आरामाचा पंप घेऊन थेट दवाखाना. हे तीन रंगांत त्याच्या कंपासपेटीच्या झाकणावर आतून चिकटवलं.

आणखी एक नोंद, महत्त्वाची. आठवीतल्या एका मुलीला पळताना धाप लागते, पण तिचा आवाज श्वास आत घेताना येतो आणि ती हात छातीवर न ठेवता गळ्यावर ठेवते. पंपाने काडीचा फरक नाही, थांबली की दोन मिनिटांत मोकळी. मीटरचा आकडाही ढळत नाही. हा दमा नसावा. घशातल्या स्वरतंतूंचा भाग श्वास घेताना मिटत असावा, किशोरवयातल्या मुलींमध्ये हे दिसतं. तिला कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवलंय. तसं निघालं तर तिचा मुख्य उपचार श्वासाचं प्रशिक्षण हाच असेल, आणि पंपाचं ओझं उतरेल.

९ सप्टेंबर

गणपतीच्या सुट्टीने सवय मोडली. धूप, कापूर, गुलाल, रात्रीची जागरणं, सगळंच आलं. परतलेल्यांपैकी फार थोड्यांनी घरी व्यायाम केलाय.

त्यावर काय करावं याचं उत्तर ऑस्ट्रेलियाकडून मिळालं. तिथल्या शाळांमध्ये मोठ्या वर्गातल्या मुलांनी धाकट्यांना दम्याविषयी शिकवण्याचा कार्यक्रम झाला, २००१ मध्ये त्यावरचा अभ्यासही छापून आला. मोठ्या माणसाने सांगितलेलं या वयात कानाआड जातं. म्हणून आता नववीची मुलं सहावीतल्यांना शिकवतील, पंप कसा धरायचा आणि पोटाने श्वास कसा घ्यायचा. जिच्या आईला स्थळांची काळजी होती, ती मुलगी आज सहावीच्या वर्गात सगळ्यांसमोर स्पेसर लावून उभी राहिली. धाकट्या मुलाने विचारलं, "ताई, हे लागलं की दुखतं का?" ती म्हणाली, "नाही रे, जीभ जरा कडू होते, मग चूळ भरायची." स्टाफरूममागच्या खोलीची किल्ली तिने मला परत दिली.

६ ऑक्टोबर

आज कोजागिरी. गावोगावी रात्री खिरीतून दम्याचं औषध देतात, रात्रभर चांदण्यात जागायचं असतं. आमच्यातली निदान तीन-चार घरं जाणार. कार्डाच्या मागे मोठ्या अक्षरात लिहून दिलं : संध्याकाळचा पंप घेऊनच निघा, निळा पंप खिशात, कान-नाक रुमालाने झाका, शेकोटीच्या धुराकडे बसू नका. औषधाच्या खिरीत काय असतं ते मला ठाऊक नाही आणि घरच्यांनाही नसतं, म्हणून पोराला काही सुचेनासं झालं किंवा अंगावर पुरळ उठलं तर थांबू नका, हेही सांगितलं.

११ नोव्हेंबर

फटाक्यांचा धूर जेमतेम ओसरला आणि कारखान्यांची धुराडी पेटली. गळीत हंगामात तोडणी झालेल्या फडांतलं पाचट पेटवतात. काळी लोंबटं शाळेच्या पटांगणात उतरतात.

आज दुपारच्या सुट्टीनंतर दहावीतल्या मुलीला झटका आला. मी शाळेतच होते. बाकाच्या कडेला दोन्ही हात रोवून बसलेली, गळ्याच्या खळगीत श्वासागणिक खड्डा, दोन शब्दांपलीकडे बोलता येईना. भोवती गर्दी. कुणी म्हणालं आडवी करा, कुणी म्हणालं प्राणायाम करायला लावा.

आडवं करायचं नसतं. ताठ बसवलं, खिडकीजवळची गर्दी हटवली. स्पेसरला निळा पंप लावून एक फवारा, त्यातून चार श्वास. परत एक फवारा, परत चार श्वास. असे चार फवारे. मग चार मिनिटं वाट. फरक थोडाच वाटला म्हणून पुन्हा चार. तोवर क्रीडाशिक्षकांनी गाडी दारात लावली होती. वाटेतही फवारे चालूच ठेवले. ग्रामीण रुग्णालयात ऑक्सिजन आणि नेब्युलायझर लावल्यावर तासाभराने तिचे खांदे खाली आले.

या सगळ्यात व्यायामाचा वाटा कुठे? फवाऱ्यांच्या मधल्या चार मिनिटांत. ती माझ्याकडे बघत होती. मी काही न बोलता तोंडाचा चंबू करून सोडून दाखवला, तिने तसाच सोडला. लांब नव्हता, फार फार तर दोन मोजण्याइतका. पण डोळ्यांतली भीती कमी झाली आणि स्पेसरमधून श्वास नीट ओढता आला. पंपाआधी किंवा पंपाऐवजी हे करत बसलो असतो तर घात झाला असता. उद्या प्रत्येक वर्गात फळ्याशेजारी कागद लागेल : बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, पंपाने आराम पडत नसेल, तर आधी पंप, गाडी, दवाखाना.

१० डिसेंबर

दम्यावर ताबा किती, ते मोजायची पाच प्रश्नांची चाचणी आज पुन्हा भरून घेतली. मागच्या चार आठवड्यांबद्दल विचारतात, गुण पाच ते पंचवीस, एकोणीस किंवा कमी म्हणजे ताबा नाही. सूज कमी करणारा पंप नियमित घेणाऱ्यांचे गुण वर गेलेत. जे फक्त व्यायाम करतात आणि पंप टाळतात, त्यांचे नाहीत. गट एवढा लहान आहे, की यावरून जगाला सांगण्यासारखं काही निघत नाही, पण माझ्यापुरतं चित्र स्वच्छ आहे. मीटरचे आकडे व्यायामामुळे हलले असं मला दिसत नाही, तशी अपेक्षाही नव्हती.

मुलांच्या बोलण्यात मात्र फरक आहे. एकजण म्हणाला, आता रात्री खोकला आला तरी आईला लगेच हाक मारत नाही, उठून बसतो, पंप घेतो, सोडत राहतो. कबड्डीवाला म्हणाला, धाप दम्याची कुठली आणि पळाल्याची कुठली ते आता त्याला कळतं. पळाल्याची असेल तर सोडता सोडता उतरते, दम्याची असेल तर अडकते आणि शिट्टी येते. हे कळल्यापासून तो निळा पंप उगाच ओढत नाही आणि लागतो तेव्हा उशीरही करत नाही. या प्रकल्पातून मला हवं होतं ते नेमकं हेच.

सोडून गेलेलेही आहेत. दहावीच्या सराव परीक्षांपुढे पाच मिनिटंही जड होतात. ज्यांचं टिकलं त्यांनी व्यायाम दात घासण्याला जोडलाय : आधी पाच मिनिटं श्वास, मग पंप, मग दात घासून चूळ. वेगळी वेळ काढायचा प्रश्नच राहिला नाही. पुढच्या वर्षी पहिल्याच दिवसापासून हीच रीत.

१३ जानेवारी २०२६

शाळेच्या प्रथमोपचार पेटीत दोन स्पेसर आणि एक निळा पंप आले, पंपावरची मुदत बघायची जबाबदारी क्रीडाशिक्षकांनी घेतली. गळ्यावर हात ठेवणाऱ्या मुलीचा अहवाल आलाय, अंदाज बरोबर निघाला. तिच्यासाठी स्वतंत्र तास ठेवलाय, नाकाने हुंगल्यासारखा छोटा श्वास आणि घसा सैल ठेवून सोडणं यापासून सुरुवात.

बांधालगतचं गाजर गवत फुलोऱ्यावर यायच्या आत उपटायला ग्रामपंचायतीला अर्ज द्यायचा आहे. मुलांकडून उपटून घ्यायचं नाही, आमच्या मुलांकडून तर अजिबातच नाही. स्पेसर कोमट साबणाच्या पाण्यात महिन्यातून एकदा धुवायचे आणि तसेच निथळत ठेवायचे. आज पेटी उघडली तर कुणीतरी ते ओढणीने चकचकीत पुसून ठेवले होते. प्लॅस्टिक असं घासलं की त्यावर विद्युतभार येतो आणि औषध आतल्या भिंतींनाच चिकटतं. पेटीच्या झाकणावर तशी चिठ्ठी लावली.